हक्क कोणत्या कागदावर लिहिलाय?

टेनेसी राज्यात जन्मलेली आणि आता न्यूयॉर्कमध्ये राहणारी एक पारलिंगी स्त्री आहे असं समजू. तिच्या जन्मदाखल्यावर ‘पुरुष’ लिहिलंय आणि ते कधीच बदलणार नाही, कारण टेनेसीनं १९७७ मध्येच कायदा करून ती वाट बंद केली. न्यूयॉर्कच्या वाहन परवान्यावर ती ‘स्त्री’ आहे. त्यासाठी तिनं एक अर्ज भरला आणि सही केली, डॉक्टरांची चिठ्ठी कुणी मागितली नाही. पासपोर्टवरही ती ‘स्त्री’च होती. २०२५ च्या सुरुवातीला त्याची मुदत संपली, तिनं नवा मागवला आणि तो ‘पुरुष’ म्हणून घरी आला. माणूस एकच, सरकारी कागद तीन. विमानतळावर, बँकेत, नव्या नोकरीच्या पहिल्या दिवशी या तिन्ही कागदांचा मेळ तिनंच घालून दाखवायचा.

पासपोर्टवरचा बदल झाला तो २० जानेवारी २०२५ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी सही केलेल्या आदेशामुळे. सरकार यापुढे दोनच लिंगं मानेल आणि तीही जन्माच्या वेळची, असं त्या आदेशात आहे. एप्रिल २०२२ पासून मिळणारा ‘एक्स’ हा तिसरा पर्यायही त्यात गेला. बोस्टनच्या संघराज्य न्यायालयानं अंमलबजावणी काही महिने थांबवली होती. ६ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती स्थगिती बाजूला सारली आणि आदेश पुन्हा लागू झाला. जुने पासपोर्ट मुदत संपेपर्यंत चालतात एवढाच दिलासा.

अमेरिकेतल्या समलिंगी आणि पारलिंगी लोकांचं बरं चाललंय की वाईट, असं विचारलं की एक जण विवाहाच्या हक्काकडे बोट दाखवतो आणि दुसरा या आदेशाकडे. दोघंही खरंच बोलतात. माझं म्हणणं वेगळं आहे. हक्क मिळाला की नाही एवढं विचारून पुरत नाही, तो कोणत्या कागदावर लिहिला गेला हेही पाहावं लागतं. अध्यक्षाच्या आदेशावर, खात्याच्या नियमावर, न्यायालयाच्या निकालावर की काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, कायद्यावर? यातली काही पाण्यावरची रेघ असते, काही दगडावरची. गेल्या पंधरा वर्षांत पारलिंगी हक्कांच्या बाबतीत जे लवकर हाती लागलं ते घेतलं गेलं, आणि लवकर हाती लागतात ते आदेश आणि नियम. त्याची किंमत आज पारलिंगी माणसं मोजताहेत.

शब्दांबद्दल एक खुलासा इथेच करतो. ‘तृतीयपंथी’ या शब्दामागे आपल्याकडची हिजडा परंपरा आहे, गुरू-चेल्यांचं नातं आहे. ओहायोमधल्या एखाद्या पारलिंगी पुरुषाला, जो दिवसभर हिशेबनिसाचं काम करतो आणि संध्याकाळी मुलांना पोहायला नेतो, तो शब्द लावला तर काहीच कळत नाही. म्हणून इथे पारलिंगी हाच शब्द वापरतो. लिंग जन्मतः नोंदलं जातं, लिंगभाव माणसाला आतून जाणवतो, आणि ज्यांच्या बाबतीत हे दोन जुळत नाहीत ते पारलिंगी. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विल्यम्स इन्स्टिट्यूटचा २०२५ चा अंदाज असा की अमेरिकेत १३ वर्षांवरच्या वयाचे असे सुमारे २८ लाख लोक आहेत, म्हणजे शंभरात एक.

कागदाचं महत्त्व सैन्याच्या उदाहरणात सगळ्यात स्वच्छ दिसतं. समलिंगी सैनिकांना स्वतःची ओळख लपवून राहावं लागे, कारण १९९३ चा कायदाच तसा होता. डिसेंबर २०१० मध्ये काँग्रेसनं नवा कायदा करून तो रद्द केला आणि सप्टेंबर २०११ पासून ते उघडपणे नोकरी करू लागले. त्यानंतर तीन अध्यक्ष झाले, ती बंदी परत आली नाही. पारलिंगी सैनिकांना दार उघडलं जून २०१६ मध्ये, तेही संरक्षण खात्याच्या धोरणानं. जुलै २०१७ मध्ये अध्यक्षांनी ट्विटरवर बंदी जाहीर केली, एप्रिल २०१९ मध्ये ती लागू झाली. जानेवारी २०२१ मध्ये नव्या अध्यक्षांनी ती उठवली. जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा आदेश निघाला, आणि खटले चालू असतानाच तो लागू करायला ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिली. सैन्य तेच, काम तेच. एका गटासाठी काँग्रेसनं मतदान केलं होतं, दुसऱ्यासाठी एका मंत्र्यानं सही केली होती.

आरोग्यविम्याचंही तसंच. २०१० च्या आरोग्यसेवा कायद्यातलं १५५७ क्रमांकाचं कलम लिंगावरून भेदभाव करायला मनाई करतं. ‘लिंग’ या शब्दात लिंगभाव येतो का, हे कायद्यात लिहिलेलं नाही. २०१६ मध्ये ओबामा सरकारच्या नियमानं सांगितलं येतो. २०२० मध्ये ट्रम्प सरकारच्या नियमानं सांगितलं येत नाही. २०२४ मध्ये बायडेन सरकारनं सांगितलं येतो. कायद्यातलं एक अक्षर बदललं नाही आणि अर्थ आठ वर्षांत तीनदा फिरला. विमा कंपनीला दर वर्षीची पॉलिसी आधीच्या वर्षीच ठरवावी लागते. नियम डळमळीत असला की ती ‘नाही’ म्हणणं पसंत करते, कारण ‘नाही’ म्हटल्यावर रुग्णानं अपील करायचं असतं.

आता उलट उदाहरण. मिशिगनमधल्या एका अंत्यविधी सेवेत काम करणाऱ्या एमी स्टीफन्स यांनी यापुढे स्त्री म्हणून कामावर येईन असं मालकाला पत्रानं कळवलं आणि त्यांची नोकरी गेली. त्यांचा आणि दोन समलिंगी पुरुषांचा असे तीन खटले एकत्र चालले. १५ जून २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं ६ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं की समलिंगी किंवा पारलिंगी असण्यावरून कामावरून काढणं हा लिंगावरून केलेला भेदभावच आहे. निकाल लिहिला न्यायमूर्ती गॉर्सच यांनी, ज्यांची नेमणूक ट्रम्प यांनीच केली होती. स्टीफन्स महिनाभर आधीच वारल्या होत्या.

हा निकाल १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सातव्या प्रकरणाचा अर्थ लावतो, आणि त्याचं बळ तिथेच आहे. त्या कायद्यानं नोकरदाराला स्वतः न्यायालयात जायचा हक्क दिलाय. आधी समान रोजगार संधी आयोगाकडे तक्रार नोंदवायची. मुदत १८० दिवसांची, आणि राज्यात तशीच यंत्रणा असेल तर ३०० दिवसांची. आयोगानं काही केलं नाही तर १८० दिवसांनंतर दावा दाखल करण्याचं परवानगीपत्र मागता येतं, आणि ते हातात पडल्यापासून ९० दिवसांत न्यायालयात जावं लागतं. २०२५ च्या सुरुवातीला आयोगानं पारलिंगी कामगारांच्या बाजूनं स्वतःच लढवलेले अनेक खटले सोडून दिले. तरी ते परवानगीपत्र त्याला अडवता येत नाही. सरकारनं पाठ फिरवली तरी माणसाच्या हातात काहीतरी उरतं ते असं. पुष्कळ तक्रारी फसतात त्या मुदतीवर. वरिष्ठांशी बोलणी, कंपनीतली अंतर्गत चौकशी, ‘जरा थांबा, बघू’ यात सहा महिने निघून जातात आणि कंपनीतल्या चौकशीमुळे आयोगाचं घड्याळ थांबत नाही. शिवाय १५ पेक्षा कमी कामगार असलेल्या मालकाला हा कायदा लागूच नाही. केशकर्तनालय, लहान हॉटेल, दोन डॉक्टरांचा दवाखाना सगळे त्याच्या बाहेर.

याच कायद्याच्या दुसऱ्या प्रकरणात, म्हणजे उपाहारगृहं, लॉज, नाट्यगृहं यांच्याबद्दलच्या भागात, वंश, रंग, धर्म आणि मूळ देश यांचा उल्लेख आहे, ‘लिंग’ हा शब्दच नाही. म्हणून सकाळी लग्न लागलेल्या दोन पुरुषांना संध्याकाळी जेवणाचं टेबल नाकारलं, तर संघराज्याचा कायदा त्यांच्या मदतीला येत नाही. राज्याचा असला तर येतो. ही भोकं बुजवणारं समानता विधेयक प्रतिनिधिगृहानं २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये मंजूर केलं. सिनेटमध्ये चर्चा संपवून मतदान घ्यायला ६० मतं लागतात, ती कधीच जमली नाहीत.

विवाहाचा हक्क मात्र टिकलाय, आणि का टिकलाय हे समजून घेण्यासारखं आहे. समलिंगी लग्न संघराज्यानं मानावं म्हणून लढून २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकलेल्या एडिथ विंडसर यांना पत्नीच्या मृत्यूनंतर ३,६३,०५३ डॉलर वारसाकर भरावा लागला होता. नवरा वारला असता तर तो शून्य असता. २६ जून २०१५ च्या निकालानं ५० राज्यांत विवाह खुला झाला. २०२२ मध्ये गर्भपाताचा हक्क काढून घेताना न्यायमूर्ती थॉमस यांनी वेगळं टिपण लिहून विवाहाच्या निकालाचाही फेरविचार करावा असं सुचवलं, तेव्हा धोका सगळ्यांना दिसला. सहा महिन्यांच्या आत, १३ डिसेंबर २०२२ रोजी, दोन्ही पक्षांच्या मतांनी समलिंगी विवाहाला संरक्षण देणारा कायदा झाला. गॅलपच्या पाहणीत समलिंगी विवाहाला १९९६ मध्ये २७ टक्के अमेरिकनांचा पाठिंबा होता, २०२५ मध्ये ६८ टक्के. त्याच पाहणीत रिपब्लिकन मतदारांमधला पाठिंबा ५५ वरून ४१ टक्क्यांवर घसरलाय, हेही नजरेआड करू नये.

२०२२ च्या त्या कायद्यात एक फट आहे. उद्या २०१५ चा निकाल फिरला, तर दुसऱ्या राज्यात लागलेलं लग्न प्रत्येक राज्याला मानावंच लागेल, पण स्वतःच्या हद्दीत लग्न लावून द्यायची सक्ती त्याच्यावर नसेल. अनेक राज्यांच्या घटनांत आणि कायद्यांत जुनी बंदी अजून निपचित पडून आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्निया, कोलोरॅडो आणि हवाईच्या मतदारांनी आपापल्या घटनेतली ती वाक्यं काढून टाकली. त्या दिवशी कुणाच्या आयुष्यात काही बदललं नाही, म्हणून फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. मला ते त्या वर्षातलं सगळ्यात शहाणपणाचं काम वाटतं.

मुलं असलेल्या जोडप्यांना अनुभवी वकील एक सल्ला देतात आणि तो ऐकून लोक दुखावतात. दोन आयांच्या घरात मूल जन्मलं, जन्मदाखल्यावर दोघींची नावं आहेत, तरी जिनं जन्म दिला नाही तिनं ते मूल रीतसर दत्तक घ्यावं. स्वतःच्याच मुलाला दत्तक घ्यायचं, घरी येऊन कुणी तपासणी करायची, वकिलाचे पैसे भरायचे, यात अपमान आहेच. पण जन्मदाखला ही प्रशासकीय नोंद आहे आणि दत्तकविधान हा न्यायालयाचा हुकूमनामा आहे. एका राज्याचा हुकूमनामा दुसऱ्या राज्यानं मानायचा हे घटनेच्या चौथ्या अनुच्छेदात आहे. जॉर्जियातलं असंच एक दत्तकविधान अलाबामानं नाकारलं, तेव्हा मार्च २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं अलाबामाला ते मानायला लावलं. अपघात झालेल्या मुलाला घेऊन अनोळखी राज्यातल्या रुग्णालयात उभं राहिल्यावर हा हुकूमनामाच कामाला येतो.

आता नावबदल. इथे लिंगाची नोंद फिरली तरी नाव बदलण्याचा हक्क शाबूत आहे, आणि पारलिंगी माणसाचं रोजचं अर्धं ओझं नाव बदलल्यावर उतरतं. सुरुवात काउंटी न्यायालयातल्या अर्जानं होते. फी राज्याप्रमाणे बदलते, कॅलिफोर्नियात ४०० डॉलरच्या वर आहे. उत्पन्न कमी असेल तर फीमाफीचा वेगळा अर्ज असतो, तो न मागता कुणी देत नाही. काही राज्यांत जुनं आणि नवं नाव वर्तमानपत्रात छापावं लागतं. पारलिंगी माणसाच्या बाबतीत ही जाहिरात म्हणजे त्रास देणाऱ्याच्या हाती पत्ता देणं, म्हणून जाहिरात माफ व्हावी आणि नोंद बंद ठेवावी अशी विनंती अर्जाबरोबरच करायची असते, नंतर नाही. न्यूयॉर्कनं २०२१ च्या कायद्यात ही जाहिरात काढूनच टाकली.

हुकूम मिळाला की त्याच्या चार-पाच प्रमाणित प्रती एकदमच घ्याव्यात. त्यानंतर क्रम महत्त्वाचा. आधी सोशल सिक्युरिटीचं, म्हणजे ओळखक्रमांक आणि निवृत्तिवेतन देणाऱ्या खात्याचं कार्यालय, अर्ज एसएस-५, फी नाही. तिथली नोंद बदलायला एक-दोन दिवस जाऊ द्यावेत आणि मग वाहन परवान्याच्या कार्यालयात जावं, कारण तिथला संगणक हीच नोंद ताडून पाहतो. त्याच दिवशी गेलं तर नाव जुळत नाही म्हणून परत पाठवतात. मग पासपोर्ट. तो मिळून वर्ष झालं नसेल तर डीएस-५५०४ हा अर्ज, फुकट. त्यानंतर डीएस-८२, १३० डॉलर. नावाचा बदल स्वीकारतात, पण लिंग आता जन्मवेळचं छापून येईल हे गृहीत धरून, प्रवासाची गरज पाहून अर्ज करावा. नंतर बँक, विमा, विद्यापीठ, आणि मालकाचा पगारविभाग. हा शेवटचा टप्पा राहून जातो आणि एप्रिलमध्ये घोडं अडतं. पगारपत्रकावर एक नाव, सोशल सिक्युरिटीत दुसरं, म्हणून करविवरणपत्र संगणकच नाकारतो.

सोशल सिक्युरिटीच्या कार्डावर लिंग छापलेलं नसतं, आतल्या नोंदीत असतं. ऑक्टोबर २०२२ पासून ती स्वतःच्या सांगण्यावरून बदलता येत होती, जानेवारी २०२५ अखेर ते थांबलं. फ्लोरिडानं जानेवारी २०२४ मध्ये आणि टेक्सासनं ऑगस्ट २०२४ मध्ये वाहन परवान्यावरची लिंगाची नोंद बदलणं बंद केलं. टेक्सासमध्ये तर न्यायालयाचा हुकूम दाखवला तरी चालत नाही. दोन्ही ठिकाणी विधिमंडळात मतदान झालं नाही, खात्याच्या अंतर्गत सूचनेनं काम भागलं. हातात पैसा आणि रजा असलेला माणूस यातूनही वाट काढतो. तासावर मजुरी करणाऱ्याला प्रत्येक खिडकीसाठी अर्ध्या दिवसाचा रोज बुडवावा लागतो.

उपचारांच्या बाबतीत गैरसमज फार आहेत, म्हणून थोडं सविस्तर. प्रौढ माणसाला हार्मोन सुरू करायला बऱ्याच दवाखान्यांत मानसोपचारतज्ज्ञाचं पत्र लागत नाही. डॉक्टर परिणाम, धोके आणि न फिरणारे बदल समजावून सांगतात, आणि रुग्ण समजून संमती देतो. पहिल्या वर्षी साधारण दर तीन महिन्यांनी रक्ततपासणी, पुढे वर्षातून एक-दोनदा. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्याचं रक्त घट्ट होत नाही ना हे पाहायचं, टेस्टोस्टेरॉन दाबणारं स्पायरोनोलॅक्टोन घेणारीचं पोटॅशियम वाढत नाही ना हे पाहायचं. वैद्यकीयदृष्ट्या हे मधुमेहाच्या देखरेखीपेक्षा अवघड नाही.

अडचणी येतात त्या वेगळ्याच जागी. टेस्टोस्टेरॉन हे खेळाडूंच्या गैरवापरामुळे १९९० च्या कायद्यानं नियंत्रित औषधांच्या तिसऱ्या यादीत गेलं. त्यामुळे एक चिठ्ठी सहा महिनेच चालते आणि त्यात जास्तीत जास्त पाच वेळा औषध पुन्हा मिळतं. इस्ट्रोजेनला असं काही नाही. नियंत्रित औषध डॉक्टरला प्रत्यक्ष न भेटता लिहून देता येत नाही, या नियमाला २०२० मध्ये महामारीमुळे सूट मिळाली आणि ती मुदतवाढीवर मुदतवाढ घेत चालू आहे. मोंटाना किंवा नेब्रास्काच्या गावातला पारलिंगी पुरुष, ज्याचा डॉक्टर तीनशे किलोमीटरवर आहे, तो त्या मुदतवाढीवर जगतो.

दुसरी अडचण संगणकाची. विम्याच्या नोंदीत ‘पुरुष’ असलेल्या माणसाच्या गर्भाशयमुखाच्या तपासणीचं बिल यंत्र आपोआप परत करतं, स्त्रीच्या प्रोस्टेट तपासणीचंही. मेडिकेअर या ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्यात यावर उपाय आहे. रुग्णालयाच्या बिलावर ४५ हा स्थितिसंकेत टाकायचा, डॉक्टरच्या बिलावर केएक्स. एवढं केलं की बिल मंजूर होतं. बिल करणाऱ्या कारकुनाला हे ठाऊक नसलं की रुग्णाच्या घरी नकाराचं पत्र येतं, तो पुढच्या वेळी तपासणीलाच जात नाही, आणि कर्करोग उशिरा सापडतो. इतक्या मोठ्या वादात दोन अक्षरांच्या संकेताला कोण विचारतो? पण माणसं अशाच ठिकाणी दगावतात, आणि हे शिकवायला कोणत्याही न्यायालयात जावं लागत नाही.

अठरा वर्षांखालच्या मुलांचा प्रश्न खरोखर अवघड आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि अंतःस्रावतज्ज्ञांच्या प्रमुख संघटना या उपचारांच्या बाजूनं आहेत. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ च्या कॅस अहवालानं पुरावा कमकुवत असल्याचं सांगितलं आणि तिथली सेवा बरीच आवळली गेली. या दोन्ही गोष्टी मान्य करून मी म्हणतो की सरसकट बंदी हे पुराव्याच्या कमतरतेवरचं उत्तर नव्हे. आर्कान्सानं एप्रिल २०२१ मध्ये, राज्यपालांचा नकाराधिकार डावलून, पहिली बंदी आणली. आता दोन डझन राज्यांत ती आहे. १८ जून २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ६ विरुद्ध ३ मतांनी टेनेसीचा कायदा वैध ठरवला. टेनेसीचा कायदा तेच पौगंडरोधक, म्हणजे वयात येणं थांबवून धरणारं, औषध अकाली वयात येणाऱ्या मुलाला द्यायला परवानगी देतो. जन्मजात वेगळी लैंगिक रचना असलेल्या तान्ह्या बाळावरची शस्त्रक्रियाही चालते, जिथे मूल बोलूही शकत नाही. औषधाच्या धोक्याचीच चिंता असती तर पूर्वतपासणी, किमान वय, दीर्घकाळ पाठपुरावा आणि नोंदवही यांची सक्ती करता आली असती. मुलाला ओळखणाऱ्या आईवडिलांचं आणि डॉक्टरांचं मत कायद्यानं मोजायचंच नाही असं ठरवणं मला मान्य नाही.

इथे माझ्याच युक्तिवादाला एक धक्का बसतो. कॅलिफोर्नियात हे उपचार कायदेशीर आहेत, बाहेरून येणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदाही २०२२ मध्ये झालाय. तरी लॉस एंजेलिसच्या बालरुग्णालयानं आपलं पारलिंगी युवा केंद्र २२ जुलै २०२५ रोजी बंद केलं. राज्याच्या कायद्यानं दार उघडं ठेवलं होतं, पण रुग्णालय चालतं त्यातला मोठा पैसा संघराज्याच्या मेडिकेडमधून, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी विम्यातून येतो, आणि तो थांबण्याची भीती पुरेशी ठरली. म्हणजे कागद पक्का असून भागत नाही, तिजोरीची किल्ली कुणाकडे आहे हेही पाहावं लागतं.

९८८ या आत्महत्या प्रतिबंध क्रमांकाचं तेच झालं. क्रमांक २०२० च्या कायद्यानं आला म्हणून टिकला. तो लावून ३ दाबल्यावर क्विअर, म्हणजे समलिंगी, पारलिंगी आणि तशा इतर, तरुणांसाठी खास प्रशिक्षित समुपदेशक मिळायचे, ती सोय प्रशासनाच्या निधीवर होती आणि १७ जुलै २०२५ रोजी बंद झाली. ९८८ आजही उचलला जातो, आणि याच तरुणांसाठी काम करणाऱ्या ट्रेव्हर प्रोजेक्ट या संस्थेची स्वतःची मदतवाहिनी चोवीस तास चालू आहे. घरात अशा वयाचं मूल असेल तर दोन्ही क्रमांक फोनमध्ये असू द्यावेत.

खेळाबद्दल फार लिहीत नाही. विद्यापीठीय क्रीडा संघटनेच्या अध्यक्षांनी डिसेंबर २०२४ मध्ये सिनेटला सांगितलं की ५,१०,००० खेळाडूंमध्ये त्यांना माहीत असलेले पारलिंगी खेळाडू दहापेक्षा कमी आहेत. वयोगट, खेळ आणि स्पर्धेची पातळी पाहून क्रीडासंघटनांनी ठरवायचा हा विषय विधिमंडळांनी पहिलीतल्या मुलीपर्यंत खाली नेला.

या साऱ्याचा मराठी घरांशी संबंध आहे, आणि तो सहानुभूतीपुरता नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात दक्षिण आशियाई क्विअर लोकांची ‘त्रिकोण’ संस्था १९८६ मध्ये उभी राहिली, म्हणजे आपली माणसं तिथे चार दशकं आहेत. एच-१बी व्हिसावर न्यू जर्सीत काम करणारा मुलगा आणि पुण्यात राहणारा त्याचा जोडीदार घ्या. २०१३ पासून अमेरिका समलिंगी पती-पत्नींना इतरांसारखाच अवलंबिताचा एच-४ व्हिसा देते, पण लग्न जिथे लागलं तिथे ते वैध असायला हवं. भारतात ते लागत नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयानं ही मागणी नाकारली. वाग्दत्ताचा के-१ व्हिसा फक्त अमेरिकन नागरिकाच्या जोडीदाराला मिळतो. उरतात दोन वाटा. जोडीदारानं पर्यटक व्हिसावर जायचं, मुलाखतीत हेतू खरा सांगायचा, तिथे लग्न करून परत यायचं आणि मग एच-४ मागायचा. किंवा दोघांनी तिसऱ्या देशात लग्न करायचं. थायलंडनं २३ जानेवारी २०२५ पासून ते परदेशी लोकांनाही खुलं केलंय. यात बहुतेक जण एक गोष्ट विसरतात. हे लग्न भारतात कुणी मानत नाही, त्यामुळे कोथरूडचा फ्लॅट आणि बँकेतली ठेव मृत्युपत्र केल्याशिवाय जोडीदाराकडे जात नाही. नॉमिनी म्हणून नाव लावलं तरी त्यानं मालकी ठरत नाही. मृत्युपत्र करा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या आणि शक्य असेल तर ते नोंदवा.

कायदा म्हणजे दगडावरची रेघ असं मी म्हटलं, पण दगडही फोडता येतो. आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २००९ मध्ये एकमतानं समलिंगी विवाह मान्य केला, आणि २०१० मध्ये मतदारांनी त्यातल्या तीन न्यायमूर्तींना घरी बसवलं. त्याच आयोवानं २००७ मध्ये आपल्या नागरी हक्क कायद्यात लिंगभाव घातला होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये आठवड्याभरात विधेयक आलं आणि मंजूर झालं, महिन्याच्या अखेरच्या दिवशी राज्यपालांची सही झाली आणि १ जुलैपासून तो शब्द गेला. दिलेलं नागरी संरक्षण असं परत घेणारं हे पहिलं राज्य. उत्तरेला लागूनच मिनेसोटा आहे. तिथे हे संरक्षण १९९३ पासून कायद्यात आहे आणि २०२३ मध्ये बाहेरून येणाऱ्या पारलिंगी रुग्णांसाठी वेगळं संरक्षणही दिलं गेलं. मधे नदी नाही, डोंगर नाही, फक्त दोन विधिमंडळं आहेत.

म्हणूनच चळवळीचा पैसा आणि ताकद वॉशिंग्टनच्या खटल्यांतून काढून राज्यांच्या विधिमंडळांकडे वळायला हवी असं मला ठामपणे वाटतं. पारलिंगी असलेल्या डॅनिका रोम २०१७ मध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळात निवडून आल्या त्या रहदारीच्या कोंडीवर प्रचार करून. मतदारांना आधी त्यांचा रस्ता दिसला. सारा मॅकब्राइड, याही पारलिंगी, काँग्रेसमध्ये पोचायच्या आधी डेलावेअरच्या राज्य सिनेटमध्ये होत्या आणि पगारी कौटुंबिक रजेचा कायदा हे तिथलं त्यांचं काम. राज्याच्या निवडणुकीत एखादी जागा काही शे मतांनी इकडची तिकडे होते. एडिसन, फ्रिमाँट, नेपरव्हिल इथल्या मराठी मंडळींपैकी नागरिक झालेले बरेच जण अध्यक्षपदाला मत देतात आणि राज्याच्या मतपत्रिकेवरची उरलेली नावं कोरी सोडतात. तुमच्या भागातला राज्य प्रतिनिधी कोण, वाहन परवान्यावरच्या नोंदीबद्दल आणि भेदभावविरोधी कायद्यातल्या त्या एका शब्दाबद्दल त्याचं मत काय, हे त्याच्या कार्यालयात फोन करून विचारता येतं. फोन उचलणारा कर्मचारी मतदारसंघाचा पिनकोड विचारतो आणि मत लिहून घेतो.